नेबो, नेबेसा आणि आपलं नभ

प्रश्न असा : रशियनमध्ये 'ओक्नो' (खिडकी) चं अनेकवचन 'ओक्ना', मग 'नेबो' (आकाश) चं 'नेबा' न होता 'नेबेसा' कसं? आणि हा शब्द आपल्या 'नभ'वरून गेला का?

दुसऱ्याचं उत्तर आधी. गेला नाही. दोघं भावंडं आहेत, आई एकच : संस्कृत, ग्रीक, लॅटिन, रशियन या सगळ्यांची मूळ भाषा, आद्य भारत-युरोपीय.

आता 'नेबेसा'तला तो 'स'. तो मधे घुसलेला नाही, मुळातलाच आहे. आद्य-स्लाव्हिक (रशियन, पोलिश वगैरे स्लाव्हिक भाषांची पूर्वज) रूप *नेबो, षष्ठी *नेबेसे, अनेकवचन *नेबेसा. (तारका अशासाठी, की त्या भाषेत लिहिलेलं काहीच उरलेलं नाही, ही रूपं तुलनेने काढलेली.) शाळेत 'मनस्, पयस्' चालवलेल्यांना हा मामला ओळखीचा वाटेल : सकारान्त नपुंसकलिंगी, नभः – नभसः. स्लाव्हिकने शब्दाच्या टोकाची व्यंजनं गाळली, म्हणून प्रथमेतला 'स' गेला. पण 'नेबेसे'त तो दोन स्वरांच्या मधे सुरक्षित राहिला. मराठीतही हेच. 'यश', 'तेज' म्हणताना 'स' दिसत नाही, 'यशस्वी', 'तेजस्वी' म्हटलं की डोकावतो.

एका बाबतीत तर स्लाव्हिक संस्कृतपेक्षा जुनं वळण सांभाळते. त्या मूळ भारत-युरोपीय भाषेत प्रथमेत -ओस्, इतरत्र -एस्- असा स्वरभेद होता. संस्कृतात ए-ओ दोन्हींचा 'अ' झाला आणि तो पुसला गेला. 'नेबो–नेबेसे'मध्ये तो ऐकू येतो. ('नभोमंडल'मधला 'नभो' मात्र संधीचा. 'नेबो'शी तो जुळतो हा निव्वळ योगायोग, त्यावर इमले बांधू नका.)

अर्थाचं म्हणाल तर ग्रीक 'नेफोस' म्हणजे ढग, लॅटिन 'नेबुला' म्हणजे धुकं. वेदातही 'नभस्'ला धुकं-ढगांचा ओलावा आहे, आणि श्रावणाचं जुनं नाव 'नभस्' हेच. आपलं कोरडं निरभ्र 'नभ' नंतरचं.

पुढे बऱ्याच स्लाव्हिक भाषांनी एकवचनातला 'स' टाकला. आज रशियनमध्ये षष्ठी साधी 'नेबा'. अनेकवचनात आणि विशेषणात तो टिकला. पोलिश 'न्येब्येस्की'चा अर्थ झाला निळा!

आणि रशियन 'न्योबो' म्हणजे टाळू, तोंडातलं आकाश. शब्द तोच. बोलीत 'ए'चा 'यो' झाला तो तिथे दिसतो. वरच्या आकाशाला मात्र चर्चच्या पोथ्यांतला जुना उच्चार चिकटून राहिला.