इंग्रजीत विशेषणानंतर ‘दॅट’ कधी आणि ‘टू’ कधी? त्यासाठी मराठीत विचार करणं बंद करावं लागेल का?

तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग नंतर बघते, कारण दुसऱ्या भागाने माझं डोकं फिरलंय. तुम्ही लिहिलंय की ऐरोलीच्या ऑफिसात तुम्ही ‘आय ॲम पॉसिबल टू कम टुमारो’ असं बोललात, सगळे हसले आणि टीम लीड म्हणाला, ‘मराठीत विचार करणं बंद कर, आपोआप सुधारेल.’ नेमकं हेच वाक्य मला २००७ साली चारचौघांत ऐकवलं गेलंय आणि त्याचं उत्तर मला त्या दिवशी सुचलं नव्हतं. ते आज देते.

मी तेव्हा वाशीला एका कांदा निर्यातदाराकडे डॉक्युमेंटेशन बघायचे. राहायला ठाण्यात. ठाणे-वाशी लोकल २००४ला सुरू झाली म्हणून ती नोकरी टिकली, नाहीतर ठाणे-बेलापूर रोडवर बसमध्ये उभं राहून कंबर गेली होती. काम सरळ होतं. कांदा नाशिककडून यायचा, निवडून जाळीच्या गोण्यांत भरला जायचा, कंटेनर न्हावा-शेव्याला जायचा. कोलंबो तिथून तीन-चार दिवसांवर. म्हणजे बँकेतून कागद पोचायच्या आधी माल पोचतो, आणि कांदा काही कागदांची वाट बघत थांबत नाही, त्याला कोंब येतात. म्हणून कोलंबोच्या पार्ट्यांसाठी, म्हणजे माल घेणाऱ्यांसाठी, आम्ही ओरिजनल बीएल (बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीची मालाची पावती, जी दाखवल्याशिवाय माल सुटत नाही) इथेच जहाज कंपनीला सरेंडर करून टेलेक्स रिलीज द्यायचो, म्हणजे पावती न बघता माल सोडा असा निरोप. पण एकदा रिलीज दिला की माल त्यांच्या हातात आणि आपल्या हातात फक्त फोन. त्यामुळे रिलीज शेठला विचारल्याशिवाय द्यायचा नाही, हा नियम.

त्या आठवड्यात शेठ पिंपळगावला खरेदीला. दोन कंटेनर कोलंबोला लागलेले. पार्टीचा मॅनेजर फोनवर म्हणाला, ‘अवर बॉस इज व्हेरी शुअर अबाउट फ्रायडे.’ म्हणजे खात्री कोणाला? त्याच्या बॉसला. मला अजिबात नव्हती. मागचं पेमेंटही त्यांनी लांबवलं होतं. मी शेठला मेल टाकला, एकाच ओळीचा: ‘पार्टी इज शुअर टू पे बाय फ्रायडे.’

तिकडे मेल वाचायला शेठचा पुतण्या. इंग्लिश मीडियमचा, नुकताच धंद्यात आलेला. त्याने शेठला सांगितलं, ताई लिहितायत, शुक्रवारी पैसे नक्की येणार. शेठ म्हणाले, मग सोडून दे.

पैसे आले एकेचाळिसाव्या दिवशी. तेही पूर्ण नाहीत. माल सडका निघाला म्हणून पार्टीने परस्पर रक्कम कापली होती.

मग ऑफिसात सगळ्यांसमोर माझ्या मेलचं प्रिंटआउट निघालं. मी म्हटलं, मी फक्त त्यांचं म्हणणं कळवलं, गॅरंटी कुठे दिली? पुतण्या म्हणाला, ‘ताई, शुअर टू पे म्हणजे खात्री तुमची. त्यांची खात्री सांगायची तर ‘दे आर शुअर दॅट दे विल पे’ असं लिहायला हवं होतं.’ मी घरी येऊन डिक्शनरी काढली. पोरगं बरोबर होतं. त्याबद्दल माझा राग नाही. राग आहे तो त्याच्या पुढच्या वाक्याचा: ‘तुम्ही मराठीत विचार करून इंग्रजी लिहिता ना, म्हणून असं होतं.’ शेठने मान हलवली, अकाउंटवाल्याने मान हलवली, चहा घेऊन आलेल्या पोऱ्यानेसुद्धा हलवली असेल. त्या दिवाळीत माझं पाकीट पातळ होतं.

आता उत्तर ऐका. मराठीत विचार केला असता तर ती चूक झालीच नसती. ‘पैसे नक्की येणार’ असं लिहिलं असतं तर बोलणारी मी, जबाबदारी माझी. ‘त्यांना खात्री आहे’ असं लिहिलं असतं तर त्यांची. मराठीत या दोन गोष्टी एका वाक्यात घुसडताच येत नाहीत. ‘त्यांना’मधला तो ‘ना’ सांगून टाकतो की खात्री कोणाच्या डोक्यात आहे. इंग्रजीत दोन्हीकडे पार्टी पुढे, मागे ‘इज शुअर’, आणि सगळा फरक शेपटीत: ‘टू’ लावलात तर खात्री बोलणाऱ्याची, ‘दॅट’ लावलात तर पार्टीची.

मग मी चुकले कशामुळे? वहीमुळे. नव्वदच्या दशकात नौपाड्यात एका क्लासला जायचे. तिथे मॅडमनी यादी घातली होती: ग्लॅडला टू, ईगरला टू, शुअरला टू, लाइकलीला टू, ईझीला टू. पाठ करा, संपलं. मी केली पाठ. कोलंबोच्या मेलमध्ये ‘शुअर’ आला आणि बोटांनी आपोआप ‘टू’ टाइप केला. डोकं वापरलंच नाही, मराठीही नाही आणि इंग्रजीही नाही. त्या यादीत पाच शब्दांना एकच ‘टू’ असला तरी आत तीन वेगवेगळे संसार आहेत, हे कोणी सांगितलं नाही.

मी स्वतः ओळखायला पाऊस वापरते. इंग्रजीत पावसाचं वाक्य ‘इट’ने सुरू होतं आणि त्या ‘इट’ला ना मन, ना इच्छा, ना खात्री. आता विशेषण तिथे बसवून बघा. ‘इट इज शुअर टू रेन’ चालतं. ‘इट इज लाइकली टू रेन’ चालतं, ‘बाउंड टू’ चालतं, ‘सर्टन टू’ चालतं. पावसाला खात्री असू शकत नाही, म्हणजे ती बोलणाऱ्याची. हे सगळे मराठीतले ‘नक्की’, ‘बहुतेक’, ‘पडणारच’. उलट ‘इट इज ईगर टू रेन’ कोणी म्हणणार नाही. ‘विलिंग’, ‘अफ्रेड’, ‘ग्लॅड’ हेही पावसाला लावता येत नाहीत. म्हणजे या शब्दांना मनवाला माणूस लागतो आणि भावना त्याचीच असते. ‘ही इज ईगर टू पे’ म्हणजे पैसे द्यायला तोच उतावीळ, तुम्ही कसलीही हमी दिलेली नाही. मला २००७ला एवढं पाऊसपाणी कळलं असतं तर पाकीट जाड राहिलं असतं.

‘ईझी’चं तिसरंच. ‘ही इज ईझी टू प्लीज’मध्ये तो कोणाला खूश करत नाही, त्याला लोक खूश करतात. ‘ही इज ईगर टू प्लीज’मध्ये तोच लोकांना खूश करायला धावतो. ही जोडी भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कींनी १९६०च्या दशकात गाजवली. दिसायला वाक्यं जुळी, आत काम करणारा वेगळा. मुलीच्या एमएच्या नोट्समध्ये मी हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण आपण हे रोज बोलतो. ‘येऊरचा चढ सायकलने चढायला अवघड आहे.’ चढ कुठे चढतोय? चढणारे आपण, दमणारे आपण, आणि अवघड कोण तर चढ. ‘डिफिकल्ट’, ‘हार्ड’, ‘ईझी’ हे इंग्रजीत असेच वागतात. म्हणून ‘आय ॲम डिफिकल्ट टू कम’ म्हणू नका. ‘मला यायला अवघड आहे’मधला ‘मला’ इंग्रजीत ‘आय’ होत नाही, ‘फॉर मी’ होतो: ‘इट इज डिफिकल्ट फॉर मी टू कम.’ तुमच्या ‘पॉसिबल’चंही तेच: ‘इट इज पॉसिबल फॉर मी टू कम.’ मराठीत तुम्ही ‘मी शक्य आहे’ म्हणता का? नाही, ‘मला शक्य आहे’ म्हणता. म्हणजे तुमची मराठी बरोबरच सांगत होती, तुम्ही तिचं ऐकलं नाहीत. टीम लीडला हे सांगा. (खरं तर रोजच्या बोलण्यात ‘आय कॅन कम’ म्हणा आणि विषय संपवा.)

‘दॅट’चं विचारलंय तुम्ही. भावनेच्या शब्दांना दोन्ही चालतात, आणि कधी काय ते मराठीच सांगते. ‘तुला भेटून आनंद झाला’: भेटणारी मी, आनंद मला, माणूस एकच. तिथे आपण ‘ऊन’ लावतो, इंग्रजी ‘टू’ लावते, ‘ग्लॅड टू मीट यू’. ‘तू आलास याचा आनंद झाला’: आलेला तू, आनंद मला, माणसं दोन. तिथे ‘येऊन आनंद झाला’ म्हणून चालत नाही. इंग्रजीत तिथे ‘दॅट’ येतो, ‘ग्लॅड दॅट यू केम’, आणि बोलताना तो ‘दॅट’ गिळलात तरी हरकत नाही. ‘सॉरी’, ‘सरप्राइज्ड’, ‘प्राउड’ यांना हीच फूटपट्टी लावा, बहुतेक वेळा पुरते.

आणि ‘इसेन्शियल दॅट ही बी प्रेझेंट’ यातला तो विचित्र ‘बी’ बघून लोक घाबरतात. सोसायटीच्या नोटिशीत ‘सर्व सभासदांनी उपस्थित राहावे’ वाचता ना? तोच विध्यर्थ. अमेरिकन लोक ‘बी’ लिहितात, ब्रिटिश बरेचदा ‘शुड बी’ लिहितात. तुमचे क्लायंट कुठले आहेत त्यावर ठरवा.

आता त्या पुतण्याचं राहिलं, ते सांगितल्याशिवाय मला झोप यायची नाही. वर्षभराने एक कंटेनर ओला निघाला. खालच्या गोण्या भिजलेल्या. पुतण्याने शिपिंग लाइनला स्वतः मेल लिहिला: ‘वी आर डाउटफुल दॅट द कंटेनर इज लीकिंग.’ त्याला म्हणायचं होतं, कंटेनर गळतोय अशी आम्हाला शंका आहे. इंग्रजीत त्याचा अर्थ होतो, कंटेनर गळत असेल असं आम्हाला वाटत नाही. शिपिंग लाइनने नम्रपणे उत्तर दिलं की आम्हालाही तसं वाटत नाही, आणि क्लेम तिथेच अडकला. ‘वी सस्पेक्ट’ लिहायला हवं होतं.

हे कशामुळे झालं? मराठीमुळे, मान्य आहे. आपली शंका दोन्हीकडे चालते. ‘तो चोर आहे अशी शंका’ म्हणजे तो चोर असावा, आणि ‘तो येईल की नाही याची शंका’ म्हणजे तो बहुधा येणार नाही. इंग्रजीने त्यासाठी दोन शब्द ठेवलेत. पण बघा, मराठीत विचार करू नका म्हणणारा माणूस मराठीतच विचार करत होता, फक्त त्याला ते माहीत नव्हतं. ठाण्या-वाशीत वाढलेल्या माणसाच्या डोक्यात मराठी, हिंदी नाहीतर गुजराती चालूच असते, मीडियम कुठलंही असो. मला माझी मराठी दिसत होती म्हणून मी ती तपासू शकले. त्याला दिसतच नव्हती. त्या दिवशी मी त्याला काही बोलले नाही. मेल सुधारून दिला आणि पाच अठ्ठेचाळीसची लोकल पकडली. बोलायला हवं होतं.

एवढं तावातावाने लिहिलं, तरी काही ठिकाणी मराठी कामाची नाही आणि पाऊसही नाही, हे सांगायला हवं. ‘लाइकली’ आणि ‘प्रॉबेबल’ अर्थाने सख्खी भावंडं, पण ‘ही इज लाइकली टू कम’ चालतं आणि ‘ही इज प्रॉबेबल टू कम’ चालत नाही, तिथे ‘इट इज प्रॉबेबल दॅट’ म्हणावं लागतं. ‘इम्पॉसिबल टू प्लीज’ असा माणूस असतो, ‘पॉसिबल टू प्लीज’ नसतो. ‘एबल’ला ‘टू डू’, ‘केपेबल’ला ‘ऑफ डूइंग’. ‘बिझी’ आणि ‘वर्थ’ यांना ‘आयएनजी’, म्हणजे ‘बिझी कुकिंग’, ‘वर्थ रीडिंग’. ‘अफ्रेड टू जंप’ म्हणजे भीतीने उडी मारत नाही, ‘अफ्रेड ऑफ फॉलिंग’ म्हणजे चुकून पडेन ही धास्ती. ‘इंटरेस्टेड’ला शिकायचं असेल तर ‘इन लर्निंग’, पण ‘इंटरेस्टेड टू नो’ आणि ‘टू हिअर’ चालतात. का, ते विचारू नका. इथे यादी पाठच करावी लागते, त्यामुळे त्या मॅडमवर मी वर जरा जास्तच रागावले. पण यादीत शब्दाशेजारी ‘टू’ लिहिण्याऐवजी अख्खं वाक्य लिहा, आणि त्यात खात्री, भीती, घाई कोणाला आहे ते मराठीत खाली लिहून ठेवा.

क्लास लावू का, असंही शेवटी विचारलंय. माझ्या त्या क्लासचं नाव सांगणार नाही. नौपाड्यात गोखले रोडने चालत गेलात तर पाट्या दिसतील. फुकटच्या डेमो लेक्चरला बसा आणि हात वर करून विचारा, ‘पार्टी इज शुअर टू पे’ यात खात्री कोणाला आहे. ‘शुअरनंतर टू येतो’ एवढंच उत्तर आलं तर स्टेशनजवळ एक वडापाव खा आणि ऐरोलीची गाडी पकडा.