बारा वर्षं शेडमध्ये पडून असलेली जुनी जावा घ्यावी का? इंजिन जाम आहे, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की मोटारसायकल जावा २५० आहे, किक जागची हलत नाही आणि मालक म्हणतो, "एक दणकून किक बसली की सुटेल." असाच मालक माझ्याही वाट्याला आला होता. मी त्याचं ऐकलं आणि सगळं अंग टाकून किकवर उभा राहिलो. इंजिन ढिम्म. लिव्हर मात्र शाफ्टवर नुसताच गरगर फिरायला लागला. जावाला किक आणि गिअर एकाच लिव्हरवर, त्यामुळे एका दणक्यात दोन्ही गेलं. गाडी अजून शेडच्या बाहेरही आली नव्हती.

तेव्हा किकला पाय लावू नका. प्लग काढून भोकातून टॉर्च मारा आणि पिस्टन कुठे अडकलाय ते बघा. वर असेल तर नशीब चांगलं, कारण टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्टचं तोंड पिस्टनच झाकतो. खाली असेल तर ते तोंड उघडं, म्हणजे सायलेन्सरमधून बारा वर्षांची दमट हवा थेट सिलिंडरच्या भिंतीवर. मग रिबोअर (सिलिंडर आतून कातून थोडा मोठा करणं) आणि मोठ्या मापाचा पिस्टन धरूनच चाला. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६५ मि.मी. आहे, त्याच्यापुढची मापं मिळतात.

सोडवायचं कसं, तर भोकातून डिझेल किंवा गंज सोडवणारं तेल ओता आणि थांबा. रोज थोडं घाला. तीन-चार दिवसांनी गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक हळूहळू पुढे-मागे डुलवा. क्लच प्लेटा बहुधा चिकटलेल्याच असतील, इथे ते सोयीचंच आहे. माझा तर लिव्हरच गेलेला, गाडी न्यूट्रलमध्ये. म्हणून उजव्या बाजूचं डायनमोचं (वीज तयार करणाऱ्या भागाचं) झाकण काढून मधल्या बोल्टवर पाना लावला आणि रोज संध्याकाळी नुसता दाब देऊन बघायचो. जोर लावला असता तर बोल्ट तुटला असता. सहाव्या दिवशी पाना केसभर सरकला. आवाज वगैरे काही नाही, हातालाच कळलं. त्या रात्री घरात कुणालाही माझ्या आनंदाचं कारण समजलं नाही.

सुटलं म्हणून लगेच चालू करू नका, मला खरं सांगायचंय ते इथे आहे. टू-स्ट्रोकचं क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालची क्रँक फिरते ती पेटी, हवाबंद लागतं, कारण पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी तिथे ओढलं जातं आणि मग वर जातं. क्रँकच्या दोन्ही बाजूंची रबरी सीलं इतक्या वर्षांत लाकडासारखी कडक होतात. डायनमोच्या बाजूचं गेलं तर बाहेरची हवा शिरते, मिश्रण पातळ होतं, इंजिन आपोआप रेस होतं आणि नवा पिस्टनसुद्धा धरतो, म्हणजे तापून जाम होतो. क्लचच्या बाजूचं गेलं तर आतलं ऑइल ओढलं जातं, धूर थांबत नाही आणि लोक कार्ब्युरेटर पिळत बसतात. मीही दोन रविवार पिळला. क्रँकची बेअरिंगं त्याच ओलीत बसलेली असतात, म्हणून इंजिन उघडायचं तर एकदाच पूर्ण उघडा आणि सीलं, बेअरिंगं, रिंगा बदलूनच बंद करा.

पण इंजिन उघडलंय म्हणून सगळी गाडी उघडू नका. अर्धवट सोडलेल्या जेवढ्या गाड्या मी पाहिल्या, त्या सगळ्या खोक्यांत होत्या. एका वेळी एकच भाग काढायचा. काढण्याआधी फोटो, बोल्ट पिशवीत, पिशवीवर नाव. पुढचा ब्रेक संपला की मागचा. ब्रेक ड्रममधली धूळ मात्र हवेच्या झोताने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये (ब्रेकच्या घासपट्टीत) अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, त्याची धूळ फुप्फुसाला घातक. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाका.

रंग सगळ्यात शेवटी. माझ्या ओळखीच्या एकाने आधी टाकी सुंदर मरून रंगवून घेतली आणि मग आतला गंज काढायला बसला. झाकणाभोवतीचा रंग सोलून निघाला. टाकीसाठी मी धुण्याचा सोडा, पाणी, बॅटरी चार्जर आणि लोखंडाची जुनी सळई वापरली. टाकी ऋण टोकाला, सळई धन टोकाला, आणि ती टाकीला कुठेही टेकता कामा नये. आधी पेट्रोलचा वाससुद्धा राहणार नाही इतकी टाकी धुवा. काम उघड्यावरच करा, कारण यात हायड्रोजन सुटतो. सळई स्टेनलेसची नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं.

टायर, केबली, वायरिंग यावर विचार करण्यात वेळ घालवू नका, सरसकट नवीन. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर मेलेलं असतं.

आता घ्यावी का? इंजिन आणि चेसीचे नंबर कागदांशी जुळत नसतील तर परत फिरा, गाडी कितीही आवडली तरी. जुळत असतील तर इंजिन जाम असण्याला मी फार किंमत देणार नाही. त्यापेक्षा काय काय गायब आहे ते मोजा: डायनमो, कार्ब्युरेटर, स्पीडोमीटर, बाजूचे डबे आणि त्यांची झाकणं. पिस्टन-रिंगा शोधल्या की मिळतात. मूळ पत्र्याच्या एका झाकणासाठी मी आठ महिने फिरलो आणि शेवटी मिळालं ते दुसऱ्याच मॉडेलचं होतं. गंजलेलं चालेल, नसलेलं नको.

आणि सौदा ठरायला वेळ लागणार असेल तर मालकाला विचारून आजच प्लगच्या भोकात थोडं डिझेल ओतून या. तोवर त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाला किक मारून दाखवली नाही म्हणजे मिळवली.