लंगोटांचा वास आणि बोअरचे पाणी

चार महिन्यांच्या बाळाचे कापडी लंगोट रोज गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवले, तरी बाळाने ओले करताच डोळ्यांना झोंबणारा वास येतो, तर कोणता साबण वापरावा, असे आपण विचारले आहे. प्रश्नाच्या शेवटी आपण जाता जाता असेही लिहिले आहे की, घरची मंडळी म्हणतात, तुला नीट धुताच येत नाहीत. साबणाविषयी मी पुढे लिहितेच, परंतु उत्तर लिहायला बसले ती त्या शेवटच्या वाक्यामुळे, कारण हेच वाक्य मी स्वतः तीन महिने ऐकले आहे.

माझा मुलगा 2014 च्या जूनमध्ये झाला. बाळंतपणासाठी मी माहेरी कराडला होते. तिथे नळाला नदीचे पाणी होते आणि आईने जुन्या सुती साड्या फाडून शिवलेले लंगोट साध्या वडीच्या साबणाने धुतले जात. भर पावसाळ्यात ते घरातच दोरीवर वाळत, त्यामुळे थोडा कुबट वास येई, पण इस्त्री फिरवली की तोही जाई. ऑगस्टमध्ये मी सांगलीला, कुपवाड रस्त्यावरच्या आमच्या भाड्याच्या घरी परतले. त्या वसाहतीत तेव्हा नळ आलेला नव्हता. पिण्याचे सोडून सगळे पाणी बोअरचे होते. त्या पाण्यात डाळ शिजत नसे, न्हाल्यावर केस राठ होत आणि बादलीच्या आतल्या बाजूला पांढरे कडे धरत असे. हे सगळे मी रोज पाहत होते, पण लंगोटांशी त्याचा संबंध असेल असे मनातही आले नाही.

पंधरा दिवसांत वास सुरू झाला. वाळलेला लंगोट हुंगला तर काही जाणवत नसे, पण बाळाने ओला केला की मिनिटाभरात गोठ्यासारखा उग्र दर्प खोलीत पसरे. मी साबण वाढवला, पावडर दुप्पट केली, ब्रशने घासघासून बोटांची सालटी काढली, शेवटच्या पाण्यात जंतुनाशकाचे टोपण ओतू लागले. वास वाढतच गेला आणि बाळाच्या जांघेत लाल चट्टे उठले. साताऱ्याहून सासूबाई फोनवर रोज विचारत, ‘नीट खळबळतेस ना?’ दिवाळीला आम्ही साताऱ्याला गेलो, तेव्हा फराळाला आलेल्या पाहुण्यांसमोर जाऊबाईंनी माझ्या पिशवीतला धुतलेला, घडी घातलेला लंगोट नाकाशी नेला आणि म्हणाल्या, ‘सांगलीत साबण मिळत नाही का गं?’ त्या क्षणी मी काही बोलले नाही. गेली कित्येक वर्षे मी त्या वाक्याला मनातल्या मनात उत्तर देत आले आहे.

त्या रात्री बाळ झोपल्यावर मी सगळे बावीस लंगोट मागच्या मोरीत नेले. सासरी मंगळवार पेठेत कासच्या तलावाचे पाणी येते. बादलीभर पाण्यात मी आधी नुसतेच लंगोट बुडवून चोळले. साबणाचा कण त्यात घातला नव्हता. पाणी पहिल्या मिनिटात दुधासारखे पांढरट झाले, वर बोटभर फेस आला आणि तोच दर्प वर उठला. पाच पाणी बदलल्यावर फेस थांबला. दुसऱ्या दिवसापासून, साताऱ्यात होतो तोवर, वासाचा मागमूस राहिला नाही. हात तेच होते, कापड तेच होते आणि साबणही सांगलीहून नेलेला तोच होता. बदलले होते ते फक्त पाणी.

कास पठार जांभ्या दगडाचे आहे, तिथे साठणारे पावसाचे पाणी हलके असते. आमच्या बोअरच्या पाण्यात मात्र खडकातून उतरलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार होते. साबण अशा पाण्यात गेला की क्षारांशी संयोग होऊन त्याचा न विरघळणारा साका होतो. फेस येत नाही म्हणून आपण आणखी साबण घालतो आणि साका आणखी वाढतो. तो धाग्यांत चिकटून बसतो, त्यात लघवीचे अंश आणि जंतू अडकतात. ताज्या लघवीला फारसा वास नसतो. लंगोटात राहिलेले जंतू तिच्यातल्या युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करतात आणि तोच डोळ्यांना झोंबतो. म्हणून रात्रभर राहिलेल्या लंगोटाला सर्वांत जास्त वास येतो. झाकलेल्या बादलीत दोन दोन दिवस भिजत टाकलेल्या लंगोटांच्या वासाचे कारणही हेच आहे.

तेव्हा कोणता साबण, हा प्रश्न दुय्यम आहे. सुवास नसलेला, साधा, कोणताही घ्यावा आणि कमी घ्यावा. आधी पाणी सुधारावे. मी किराणा दुकानातला धुण्याचा सोडा आणते. खाण्याचा सोडा त्यासाठी पुरा पडत नाही. दहा लिटर पाण्यात दोन मोठे चमचे सोडा ढवळून रात्री बादली ठेवून दिली, तर सकाळी तळाशी पांढरा गाळ बसलेला दिसतो. वरचे निवळ पाणी धुण्याला घ्यावे. आधीच वास धरलेले सुती लंगोट सोड्याच्या कढत पाण्यात रात्रभर भिजवावेत आणि मग पाणी स्वच्छ दिसेपर्यंत खळबळावेत. शक्य असेल तर हे शेवटचे खळबळणे नळाच्या किंवा पावसाच्या पाण्यात करावे. माझे यजमान त्यासाठी ऑफिसमधून येताना दोन कॅन नळाचे पाणी आणत. ते जमत नसेल, तर शेवटच्या बादलीत चिमूटभर लिंबूसत्त्व घातल्याने उरलेले क्षार सुटतात. लंगोट काढल्याबरोबर आधी गार पाण्यातून काढावा, कारण शी लागलेल्या कापडावर थेट गरम पाणी ओतले की डाग पक्का होतो. डाग राहिलाच, तर ओला लंगोट कडक उन्हात टाकावा. अंगावर पिणाऱ्या बाळाचे पिवळे डाग ऊनच घालवते.

कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव मी लंगोटांना कधीही लावणार नाही. त्यांचा थर बसतो आणि कापड लघवी शोषेनासे होते. जंतुनाशकाचे टोपण बाळाच्या कातडीला त्रास देते, वास मात्र जात नाही. ओवा आणि वावडिंगाची धुरी लंगोटांना देण्याची पद्धत आमच्याकडेही होती. तिने वास झाकला जातो आणि बाळाच्या नाकात धूर जातो, म्हणून ती मी बंद केली.

दिवाळीनंतर सासूबाई लंगोट कसे धुवायचे ते दाखवायला सांगलीला महिनाभर राहिल्या. त्यांच्या हाताला खरोखर वळण आहे आणि त्यांच्यासारखे खळबळणे मला आजही जमत नाही. मी सोडा बाजूला ठेवला आणि त्यांच्या पद्धतीत एका शब्दानेही ढवळाढवळ केली नाही. तिसऱ्या आठवड्यात पहाटे त्यांनीच बाळाचा लंगोट बदलला, क्षणभर हातात धरून ठेवला आणि मला विचारले, ‘तो सोडा कुठे ठेवलास?’ यापुढे एक अक्षर नाही. जाऊबाई मात्र अजूनही सांगतात की सांगलीच्या सुनेला धुणे जमत नव्हते.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. सोड्याने हात फुटतात, म्हणून रबरी हातमोजे घालावेत. लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नये, विषारी वायू तयार होतो. लघवीने भिजलेल्या लंगोटावरही थेट ब्लीच ओतू नये. बाजारातल्या, बाहेरून प्लास्टिकचे अस्तर आणि इलॅस्टिक असलेल्या नॅपींना उकळते पाणी चालत नाही. बाळाच्या चट्ट्यांवर फोड आले, ताप आला किंवा लघवी कमी झाली, तर लंगोटांचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

आपल्याकडे पाणी कोणते आहे, हे आपण लिहिलेले नाही. नळाचे पाणी असलेल्या ओळखीच्या घरी एक धुतलेला, वाळलेला लंगोट घेऊन जा आणि साबण न घालता बादलीत चोळून पाहा. जाताना, नीट धुता येत नाही असे जे म्हणतात, त्यांना सोबत न्या.