वाचकांचे प्रश्न : ज्युरीचं बोलावणं आलंय, जाऊ का?

प्रश्न : ताई, गेल्या वर्षी मी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं आणि आता इथे न्यू जर्सीत ज्युरी ड्यूटीचं, म्हणजे खटल्यात निकाल द्यायला इतर नागरिकांबरोबर कोर्टात बसायचं, पत्र आलंय. माझं इंग्रजी दुकान-दवाखान्यापुरतं. मुलगा म्हणतो, "इंग्रजी येत नाही असं लिही आणि मोकळी हो." कुणाला तुरुंगात धाडायचं पाप आपल्या माथी कशाला, असंही वाटतं. ज्युरी म्हटलं की मला फक्त नानावटी खटला आठवतो, बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकाऱ्याचा. काय करू?
— एक वाचक भगिनी, एडिसन

उत्तर : जा. आणि फॉर्मवर खोटं लिहू नका, खाली तुमची सही असते. डॉक्टरांचं बोलणं तुम्हाला समजतं ना? साक्षीदारही तसंच साधं बोलतात, आणि कायदा न्यायाधीश सावकाश समजावून सांगतात. (यजमानांकडे अजून ग्रीन कार्डच असेल आणि त्यांनाही पत्र आलं, तर "नागरिक नाही" असं कळवून टाका. त्यांना ज्युरीत बसता येत नाही.)

पापाचं म्हणाल तर इथे ज्युरीकडे शिक्षा ठरवायचं काम नसतंच. ते न्यायाधीशांचं. आरोप वाजवी शंकेला जागा उरणार नाही इतका सिद्ध झाला का, एवढंच आपण सांगायचं.

मी 2011 साली बसले होते. पहिले तीन दिवस रोजचे पाच डॉलर आणि चौथ्या दिवसापासून चाळीस, म्हणजे पैशासाठी कुणी जात नाही. रात्री पेट्रोल पंपावर झालेल्या लुटीचा खटला होता. आरोपी विशीतला मुलगा. त्याच्या पांढऱ्या शर्टावर पाकिटातून काढलेल्या घडीच्या रेघा तशाच होत्या. कोर्टासाठी कुणीतरी नवा आणला असणार. त्या रेघांवरून माझी नजर हलेना.

पंपावरचा कामगार हिंदीत साक्ष देत होता, शेजारी दुभाषी. न्यायाधीशांनी आधीच बजावलं होतं : तुम्हाला हिंदी येत असली तरी दुभाषी इंग्रजीत सांगेल तेच धरायचं. शंका आली तर आपसांत बोलायचं नाही, मला चिठ्ठी पाठवायची. "हाच माणूस होता का?" असं विचारल्यावर साक्षीदार म्हणाला, "वही होगा." दुभाष्यानं सांगितलं, "हो, हाच होता."

माझ्या पोटात गोळा आला. "होगा" आणि "था" यांत केवढं अंतर आहे ते त्या खोलीत मोजक्याच लोकांना कळत होतं. चिठ्ठी लिहिताना स्पेलिंग चुकलं, हात कापत होता. न्यायाधीशांनी ती वाचली, वकिलांना जवळ बोलावलं आणि प्रश्न पुन्हा विचारायला लावला. या वेळी इंग्रजीत आलं, "तोच असावा."

मला त्या रात्री टिळक आठवत होते. 1908 साली मुंबई हायकोर्टात त्यांच्यापुढे नऊ ज्युरर होते, सात युरोपियन आणि दोन पारशी. खटला 'केसरी'तल्या मराठी लेखांवर, आणि त्या सात जणांना मराठी वाचता येत नव्हतं. भाषांतरं चुकीची आहेत हे टिळक पोटतिडकीनं सांगत राहिले. निकाल लागला सात विरुद्ध दोन, आणि तेवढ्यावर सहा वर्षांची मंडाले. दोघांच्या "नाही"ला काही किंमतच नव्हती. इथे फौजदारी खटल्यात बाराही जणांचं एकमत लागतं. आमचं पहिलं मत दहा विरुद्ध दोन पडलं होतं. त्या दोघांत मी एक. दोन दिवस बोललो. एकदा आवाज चढले, एकदा एक आजोबा रडले. शेवटी बाराही जण "दोषी नाही" म्हणालो. तो मुलगा खरंच तिथे होता की नव्हता, मला आजही माहीत नाही. सिद्ध झालं नव्हतं, एवढं नक्की माहीत आहे.

नानावटी खटल्यात 1959 साली ज्युरीनं आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं, पण न्यायाधीशांना ते पटलं नाही आणि त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. तेव्हाच्या आपल्या कायद्यात तशी सोय होती. पुढे 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरी राहिलीच नाही. इथे मात्र ज्युरी एकदा "दोषी नाही" म्हणाली की न्यायाधीशांनाही ते फिरवता येत नाही. म्हणून म्हणते, त्या बारांत आपल्यातली एखादी बाई असायला हवी.

जाताना स्वेटर न्या, खोल्या गार असतात. वाट बघण्यात तास जातात, तेव्हा पुस्तक आणि डबाही घ्या. निवड झाली तर खटला संपेपर्यंत घरी एक शब्द बोलायचा नाही, मुलाशीसुद्धा नाही, आणि गूगलवर काही शोधायचं नाही. काही ऐकू आलं नाही, समजलं नाही, तर हात वर करा. मी तीनदा केला होता.