एम.एस.साठी कर्ज काढण्यापूर्वी

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो, ग्रीन कार्ड आहे. मी गॅस स्टेशनवर नोकरी करतो. आम्हा नवरा-बायकोंपैकी कोणीही पदवीधर नाही. मुलगा पेल ग्रँटच्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतील विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सरकारी अनुदानाच्या, आधारावर यंदा जीवशास्त्राचा पदवीधर झाला असून त्याला कर्करोग-संशोधनात पीएच.डी. करायची आहे. त्याचे प्राध्यापक म्हणतात, आधी ‘पोस्टबॅक’ कर. नातेवाईक म्हणतात, एम.एस. करू द्या. पोस्टबॅकमध्ये वर्ष वाया जाईल का? शिवाय, घरची परिस्थिती अर्जात लिहायला प्राध्यापक सुचवतात, पण मला त्यात कमीपणा वाटतो.

उत्तर : सप्रेम नमस्कार.

बी.एस्सी., एम.एस्सी. आणि मग पीएच.डी. हा भारतातला क्रम आपल्या नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर असावा. अमेरिकेत जीववैद्यकीय विषयांच्या पीएच.डी.ला पदवीनंतर थेट प्रवेश मिळतो, एम.एस.ची अट बहुतेक ठिकाणी नसते. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला शुल्क माफ असते आणि वर विद्यावेतन मिळते, एम.एस.चा खर्च मात्र बहुधा घरूनच करावा लागतो. तेव्हा केवळ पीएच.डी.ची पायरी म्हणून एम.एस.साठी कर्ज काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या मुलाकडे कमतरता असलीच तर ती पुस्तकी ज्ञानाची नाही. ज्या घरांत आधी कोणी संशोधनाच्या वाटेला गेलेले नसते, तिथल्या मुलांचे उन्हाळे बहुधा नोकरीत जातात, आणि पहिल्या वर्षापासून प्रयोगशाळेत जायला हवे हे सांगणारेही कोणी नसते. प्रवेश समिती तर नेमका हाच अनुभव शोधते. तीन शिफारसपत्रांपैकी एकात ‘माझ्या विषयात त्याला ए श्रेणी मिळाली’ एवढेच असेल, तर ते गुणपत्रिकेतही दिसतेच. ‘पेशींत जंतुसंसर्ग झाल्यावर त्याने सारे संवर्धन टाकून दिले, संसर्ग कुठून आला ते शोधले आणि प्रयोग पहिल्यापासून केला’ असे लिहिणारा प्रयोगशाळाप्रमुख मात्र खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो, आणि असे पत्र वर्षभर सोबत काम केल्याशिवाय मिळत नाही.

पोस्टबॅक म्हणजे पदवीनंतर एक-दोन वर्षे पगारी संशोधन करत पीएच.डी.ची तयारी करणे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, ज्या समाजघटकांतून फारसे संशोधक पुढे येत नाहीत त्यांच्यासाठी ‘प्रेप’ नावाची योजना विद्यापीठांतून अनेक वर्षे चालवली. आई-वडील पदवीधर नसणे आणि पेल ग्रँटला पात्र असणे हे निकष तिथे धरले जात. २०२५ मध्ये सरकारी धोरण बदलल्यावर अशा योजनांचा निधी मोठ्या प्रमाणावर थांबवण्यात आला. काही विद्यापीठे स्वतःच्या पैशांतूनही असे वर्ष चालवतात, म्हणून संकेतस्थळावरच्या जुन्या माहितीवर विसंबू नये. थेट विभागाला ई-मेल करून यंदा भरती आहे का, हे विचारावे. एनआयएचच्या स्वतःच्या प्रयोगशाळांतील पोस्टबॅक प्रशिक्षण नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना खुले असते. तिथेही यंदाची स्थिती विचारूनच अर्ज करावा. यांपैकी काहीच जमले नाही, तर विद्यापीठाच्या किंवा शिक्षण देणाऱ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत संशोधन तंत्रज्ञाची नोकरी धरावी. नाव साधे असले तरी चांगला मार्गदर्शक मिळाल्यास ती पोस्टबॅकच्या तोडीची ठरते.

कालावधीचा विचार नीट करावा. पीएच.डी.चे बरेच अर्ज १ डिसेंबरच्या सुमारास बंद होतात, मुलाखती जानेवारी ते मार्चमध्ये होतात, आणि बहुतेक ठिकाणी १५ एप्रिलपर्यंत होकार कळवायचा असतो. जूनमध्ये रुजू झालेल्या मुलाजवळ अर्जाआधी जेमतेम सहा महिने उरतात, तेवढ्यात हाती सांगण्यासारखे फारसे लागत नाही. म्हणून शक्य असेल तर दोन वर्षांची जागा पाहावी आणि अर्ज दुसऱ्या वर्षी करावा. जीआरई ही प्रवेशपरीक्षा अनेक अभ्यासक्रमांनी बंद केली आहे, तेव्हा तिच्या शिकवणीवर पैसे घालण्यापूर्वी आपल्या यादीतले अभ्यासक्रम ती मागतात का, हे तपासावे. अर्जशुल्काची माफीही बऱ्याच ठिकाणी मागता येते, ती मागायला संकोच करू नये.

त्या काळात त्याने आठवड्याला एक शोधनिबंध तरी आकृत्यांपासून वाचावा आणि प्रत्येक आकृतीपाशी थांबून ‘इथे कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला नमुना, कोणता आणि तोच का?’ असे स्वतःला विचारावे. मुलाखतीत त्याच्या स्वतःच्या कामाबद्दल नेमके हेच विचारले जाते. वेस्टर्न ब्लॉटमध्ये, म्हणजे अँटिबॉडी वापरून विशिष्ट प्रथिन ओळखण्याच्या चाचणीत, अपेक्षित पट्टा उमटला नाही, तेव्हा प्रथिनच नव्हते की अँटिबॉडीने काम केले नाही, हे त्याने कसे ठरवले, ते सांगता आले पाहिजे. प्रयोग फसल्याचे सांगायला मुले कचरतात. परीक्षकांना मात्र त्यातूनच विचार करण्याची पद्धत दिसते.

आता घरच्या परिस्थितीविषयी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालानंतर प्रवेश देताना वंशाला वेगळे वजन देता येत नाही. पण आयुष्यातल्या अनुभवाने आपल्याला कसे घडवले, हे उमेदवार लिहू शकतो. पेल ग्रँटचा उल्लेख गाऱ्हाण्यासारखा नको, पण लपवूही नये. नोकरी करत शिकलेल्या मुलाने आठवड्याचे किती तास कुठे काम केले, त्यामुळे प्रयोगशाळेला उशीर का झाला आणि मग संधी मिळताच काय केले, हे चार-पाच वाक्यांत सांगावे. आपल्या नोकरीचा त्यात उल्लेख आला, तर आपण त्यात कमीपणा मानू नये, ही विनंती.

तूर्त त्याला एवढेच सांगावे, की ज्या प्राध्यापकांनी पोस्टबॅक सुचवले, त्यांना भेटून ते स्वतः कोणत्या दोन-तीन प्रयोगशाळाप्रमुखांना ई-मेल लिहून त्याची ओळख करून देतील, हे विचारून यावे.