मनगटातली हाडं कमी होताहेत

प्रश्न : माझी मुलगी सहा वर्षांची आहे. चौथ्या वर्षी हाताची बोटं सुजून आखडू लागली. लहान मुलांचा संधिवात म्हणून दोन वर्षं औषधं चालू आहेत, पण फरक नाही. तळहातावर न दुखणाऱ्या गाठी आहेत. आता जनुकतपासणीत ‘एमएमपी२, होमोझायगस’ असा रिपोर्ट आला. हाडं विरघळण्याचा आजार आहे म्हणतात. मला आत्याच्याच घरी दिलंय. सासूबाई म्हणतात, मी ग्रहण पाळलं नाही म्हणून झालं. कॅल्शियमने हाडं भरतील का? मला गरोदरपणाचा आठवा आठवडा चालू आहे. शिवाय धाकट्या बहिणीचं माझ्या दिराशी ठरतंय. – सौ. अ. क., सांगोला

उत्तर : ताई, खिडकीच्या काचेला लावून काढलेले दोन्ही एक्स-रेचे फोटो मोठे करून पाहिले. मूल वाढतं तशी मनगटातली छोटी हाडं एकेक करून एक्स-रेत दिसू लागतात. तुमच्या मुलीच्या चौथ्या वर्षीच्या फोटोत जी गोल, ठसठशीत आहेत, त्यांतलं एक आता कुरतडल्यासारखं दिसतंय आणि एक जवळजवळ पुसलं गेलंय. वयाबरोबर संख्या वाढायची, ती इथे कमी होतेय.

आजार फार दुर्मीळ. २००१ साली सौदी अरबस्तानातल्या, नात्यात लग्नं होणाऱ्या कुटुंबांवरून त्याचं जनुक, म्हणजे तुमच्या रिपोर्टमधलं एमएमपी२, सापडलं. पुढे भारतातलेही रुग्ण नोंदले गेले. हे जनुक एक विकर (एन्झाइम) बनवतं आणि त्या विकराचं काम पेशींभोवतालचं जाळं कापून मोकळं करण्याचं. कापणाराच नाही म्हटल्यावर हाड उलट टिकायला हवं, असं वाटेल. पण हाडातल्या पेशींना जोडणाऱ्या बारीक नलिका शाबूत ठेवायलाही तेच लागतं, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. म्हणून कॅल्शियमने ही हाडं भरणार नाहीत. कमतरता असेल तर जरूर द्या, एवढंच.

संधिवात म्हणणाऱ्या डॉक्टरांवर फार रागावू नका. नव्वदच्या दशकात मीही एका मुलाला दोन वर्षं संधिवाताच्याच गोळ्या दिल्या. अंगातली सूज दाखवणारी ईएसआर ही रक्ततपासणी दरवेळी नॉर्मल यायची. तळव्यावरच्या गाठी बोटाने चाचपल्या, केसपेपरवर लिहिल्या आणि पान उलटलं. ते पान अजून डोळ्यांसमोर येतं.

आता ग्रहणाचं. होमोझायगस म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रतींत तोच दोष. एक प्रत आईकडची, एक वडिलांकडची. सासूबाई तुमच्या सख्ख्या आत्या. म्हणजे दोष बहुधा तुमच्या आजोबा-आजींपैकी एकाकडून निघाला. एका वाटेने तो तुमच्या वडिलांमार्फत तुमच्यात आला, दुसऱ्या वाटेने आत्यांमार्फत तुमच्या यजमानांत. आत्यांना हे सुनावायला म्हणून सांगू नका. त्यांनाही ते ठाऊक असायचं कारण नाही, आणि एकच प्रत असलेल्या माणसाला काही त्रास होत नाही.

घाई पोटातल्या बाळाची आहे. प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक. पहिल्याला झाला म्हणून दुसरं सुटलं, असा हिशेब इथे नसतो. याच आठवड्यात तुम्हा नवरा-बायको दोघांचं रक्त तपासायला द्या. मग अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा बारीक तुकडा काढून बाळाची तपासणी करता येते. मुलगा की मुलगी हे सांगणं गुन्हा आहे, पण आनुवंशिक आजारासाठी ही तपासणी नोंदणीकृत केंद्रात कायदेशीर आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयाला २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाखाली दुर्मीळ आजारांचं केंद्र म्हणून मान्यता आहे, तिथे विचारा. जाताना जनुकाचा मूळ रिपोर्ट घ्या, त्यातल्या दोषाच्या नेमक्या नोंदीशिवाय बाळाचं काही शोधता येत नाही. एक्स-रेच्या मूळ फिल्म्सही घ्या, मोबाइलमधले फोटो नकोत.

मुलीच्या औषधांत स्टेरॉइड असेल तर ते हाडं आणखी ठिसूळ करतं, पण मनाने एकदम बंद करू नका. डॉक्टर हळूहळू उतरवतील. बिस्फॉस्फोनेट या हाडांच्या औषधाच्या सलाइनने काही मुलांचं दुखणं कमी होतं, हाडं विरघळणं मात्र थांबत नाही. हृदयाची इको आणि डोळ्यांची तपासणी करून घ्या. बोटांचा व्यायाम रोज, कोमट पाण्यात हात बुडवून, ओढाताण न करता. शाळा सोडवू नका. पेन्सिलीला सुती कापडाची पट्टी गुंडाळून जाड केली की आखडलेल्या बोटांनाही धरता येते.

बहिणीकडे ही प्रत असण्याची शक्यता निम्मी, दिराकडेही निम्मी. लग्न मोडा असं मी म्हणत नाही. दोष नेमका माहीत असल्याने दोघांची तपासणी सोपी आहे. रिपोर्ट हातात येईपर्यंत सुपारी फोडू नका. आणि हे आत्यांना तुम्ही एकट्या सांगू नका, वडिलांना सोबत घ्या.