दूरच्या दुर्बिणी जोडताना आधी वेळेचा विचार करा

अनेक रेडिओ दुर्बिणी जोडून त्या एकाच मोठ्या दुर्बिणीसारख्या वापरण्याचा अभ्यास सुरू करणारे बहुतेक जण थाळ्यांच्या आकारात गुंततात. माझा आग्रह आहे की तुम्ही आधी दोन थाळ्यांमधील अंतर आणि वेळ यांचा विचार करावा. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप) या दुर्बीण-समूहाच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत असल्यामुळे त्यांचे संकेत ऑप्टिकल फायबरने एकत्र आणून लगेच जुळवता येतात. अंतर खंडाखंडांचे झाले, की प्रत्येक ठिकाणी हायड्रोजन मेसर या अत्यंत अचूक अणुघड्याळाच्या आधारे संकेत नोंदवून ते नंतर जुळवावे लागतात; इव्हेंट होरायझन टेलिस्कोप या जगभर पसरलेल्या दुर्बिणींच्या जाळ्याच्या एप्रिल २०१७ च्या निरीक्षणांच्या वेळी दक्षिण ध्रुवावरील नोंदींच्या हार्ड डिस्क तिथला हिवाळा सरेपर्यंत हलवताच आल्या नव्हत्या.

नव्या स्रोताकडे वळण्यापूर्वी जीएमआरटीच्या खुल्या संग्रहातील ३सी२८६ या तेजस्वी स्रोताच्या नोंदी घेऊन लहरींची कला (फेज, म्हणजे लहर तिच्या चक्रात कुठे आहे ते) स्वतः जुळवून पाहा. तीन दुर्बिणींच्या त्रिकोणातील तिन्ही जोड्यांच्या कलाफरकांची बेरीज मात्र नीट समजून घ्या, कारण प्रत्येक दुर्बिणीवरील वातावरणाची आणि घड्याळाची त्रुटी त्या बेरजेत आपोआप रद्द होते. मला या शास्त्रातील ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.